मॅचिंगताईच्या रक्तातलं ग्लुटामाइन

लहानपणी तिला घरात 'ससा' म्हणायचे. ताटात पाला, गाजर, बटाटा आणि भात असला की ती गपगप जेवायची. पण डाळ, अंडं, मासा किंवा दुधाचा पेला समोर आला की ओठ शिवल्यासारखे बंद. आईनं सगळे उपाय करून पाहिले. लाडीगोडी झाली, धाक झाला, एकदा नाक दाबून दूध पाजणंही झालं. ते तासाभरात ओकून पोरगी डोकं धरून बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहिली.

"नाटकी आहे नुसती," आई म्हणाली.

"राहू दे गं," वडील म्हणाले. "पाला खाऊन ससा मेल्याचं ऐकलंयस का कधी?"

विषय तिथंच मिटला. अंगापिंडानं ती किडकिडीतच राहिली, पण डोळा असा तीक्ष्ण की अठराव्या वर्षी मॅचिंगच्या दुकानात कामाला लागली आणि वर्षभरात दुकान तिच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. दोरे, अस्तरं, बटणं, चेन, लेस. छतापर्यंत भिडलेले खण. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं, ती तो दारापाशी नेऊन उजेडात एकदा उलटसुलट करायची आणि शिडीवर चढून नेमकं तेच रीळ काढायची. परत लावून बघायची गरज पडत नसे. कुणी तुकडा आणायला विसरलं तर म्हणायची, "परवा निळं अस्तर नेलं होतंत ना? त्याचाच दोरा हवाय. थांबा." लोक तिला मॅचिंगताई म्हणू लागले. मालक म्हणायचे, "या बाईच्या डोळ्यांत रिळांचे नंबर छापलेत."

शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक मेकॅनिक त्या दुकानात सुयांचं पाकीट न्यायला यायचा. पाकिटात सुया दहा, पण तो यायचा रोज. महिनाभर हे बघून मालकांनी विचारलं, "सुया खातोस का काय रे?" तो कानापर्यंत लाल झाला. त्या लालचा नंबरही आपल्याला माहीत आहे, असं ती पुढं कितीतरी वर्षं त्याला चिडवायची. लग्न झालं.

सासूबाई हाताच्या गोड. त्यांच्या हातचं खाऊन कुणी नावं ठेवली नव्हती, आणि घरात सून आली ती ही अशी. ताटात वाढलेलं अर्धं बाजूला सारणारी. सासूबाई मनाच्या वाईट नव्हत्या, पण सुगरणीचा अपमान झाला की तिचं तोंड आवरत नाही. "सुगरणीच्या घरी ससा आला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत सांगायच्या. हसणं वरवरचं असायचं.

लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगा झाला. गुटगुटीत, भरपूर जावळाचा. पहिल्या दिवशी त्यानं छातीला लागून असं काही दूध ओढलं की नर्ससुद्धा कौतुकानं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिईना. संध्याकाळी श्वास भरभर चालू लागला, आणि तो झोपला तो झोपलाच. तळपायाला टिचक्या मारल्या तरी जागा होईना. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्यानंतरचे चार-पाच दिवस तिला स्वतःलाच धड आठवत नव्हते. ती भलतंच बोलायची, माणसं ओळखायची नाही, तासन् तास झोपायची. दुःखानं डोकं फिरलंय, असं सगळे म्हणाले. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. हळूहळू ती भानावर आली. भानावर आल्यावर एका सकाळी ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे गेली, तर आत सासूबाई शेजारणीशी बोलत होत्या.

"धड काही खातच नाही, तर त्या बाईच्या दुधात जोर कुठून येणार?"

ती दाराआड उभी राहिली. मग तहानलेलीच परत फिरली.

तीन वर्षांनी मुलगी झाली. मॅचिंगताईनं पहिल्या दिवसापासून तिला बाटली लावली. दूध आलंच नाही म्हणून सगळ्यांना सांगितलं. दूध आलं होतं. छातीला ओढणी घट्ट आवळून, दातावर दात धरून तिनं ते जिरवलं आणि नवऱ्यालाही कळू दिलं नाही. मुलगी बाटलीवर छान वाढली. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला: म्हणजे खोट माझ्यातच होती.

पुढची वर्षं इतर चारचौघांसारखी गेली. मुलगी शिकली, एका बसड्रायव्हरच्या प्रेमात पडली, दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. मॅचिंगताई चोपन्न वर्षांची झाली. त्या वर्षी तिला खोकला लागला तो महिनाभर हटेना, रात्री दम लागायचा. डॉक्टरांनी आठवडाभराच्या जोरकस गोळ्या दिल्या, स्टेरॉइडच्या. खोकला थांबला, पण ती आणखी वाळली. लेकीला तेव्हा चौथा महिना लागला होता. ती आईला म्हणाली, "तू अशी काडीसारखी राहिलीस तर माझं बाळंतपण कोण काढणार?" आणि प्रोटीन पावडरचा मोठा डबा घेऊन आली. लेकीचं मन मोडू नये म्हणून मॅचिंगताई नाक दाबून दिवसातून दोनदा ती पावडर प्यायली. आठ दिवस.

नवव्या दिवशी दुकानात तिनं तपकिरी कापडाला मरून रंगाचा दोरा दिला. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा मालकांना ते खरं वाटेना. दुपारी ती कापडाचा हिरवा तुकडा हातात धरून दारात उभी होती, उभीच राहिली, आणि एकदम रडायला लागली. "याला काय म्हणतात तेच आठवत नाहीये." मालकांनी तिच्या नवऱ्याला फोन केला. त्यानं तिला घरी आणलं. घरी ती चमचे काढून रंगाप्रमाणे लावत बसली. चमचे सगळे स्टीलचे. त्याला आधी हसू आलं, मग त्यानं चमचे तिच्या हातातून काढून घेतले आणि तिला निजवलं. सकाळी ती हाक मारली तरी उठेना.

हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. साखर ठीक, यकृताच्या तपासण्याही बऱ्यापैकी. मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "दारू वगैरे...?"

सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या, पण कान शाबूत. बाकावरूनच गरजल्या, "अहो डॉक्टर, ती दूध पीत नाही, दारू काय पिणार!"

मोठे डॉक्टर ओशाळून पुढं गेले. त्यांच्या मागं फाइल घेऊन चाललेली तरुण डॉक्टरीण मात्र थांबली, वळली आणि सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"आजी, दूध पीत नाहीत म्हणजे? अजून काय काय खात नाहीत त्या?"

असा श्रोता सासूबाईंना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. तीन दशकांचं गाऱ्हाणं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. डाळ नको, अंडं नको, मासा नको. एका लग्नात आग्रहानं चार घास मांस खाल्लं आणि दोन दिवस अंथरुणात पडून होती. डॉक्टरीण एकेक गोष्ट लिहून घेत होती. मध्येच उठली आणि रक्त काढायला सांगून आली. ते रक्त बर्फात ठेवून धावतपळत प्रयोगशाळेत गेलं. अमोनिया कितीतरी पटीनं वाढलेला निघाला. दुसऱ्या नमुन्यात ग्लुटामाइनही भरमसाट होतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला, लेकीला आणि सासूबाईंना समोर बसवलं.

"आपण प्रोटीन खातो, ते वापरून झालं की मागं अमोनिया उरतो. तो विषारी. यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढतं. यांच्या यकृतात ते काम करणारं एक एन्झाइम जन्मापासून दुबळं असावं. बेताबेतानं खाल्लं तर निभतं. त्यांच्या शरीरानं ते लहानपणीच ओळखलं होतं, म्हणून ते सगळं नकोसं वाटायचं. पण त्या खोकल्याच्या गोळ्यांनी अंगातलंच मांस झडायला लागलं, त्यात पावडरची भर पडली. अमोनिया तुंबला आणि मेंदूत गेला."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. "पावडर मीच आणली."

"तुम्हाला कसं माहीत असणार? आम्हालासुद्धा दोन दिवस लागले." डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "मेंदूत ग्लुटामेट नावाचा पदार्थ असतो. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते बरेचसे त्याच्या हाती. तो अमोनियाला स्वतःला जोडून घेतो आणि त्याचं ग्लुटामाइन होतं. हे तुमच्या-माझ्या शरीरातही दिवसभर चालू असतं, स्नायूंतसुद्धा. अमोनिया निरुपद्रवी करून ठेवायची ती सोय आहे. पण प्रमाणाबाहेर गेलं की मेंदूच्या पेशींत ग्लुटामाइन साठतं, ते पाणी ओढून घेतं आणि पेशी फुगतात. निरोपांचाही घोळ होतो. म्हणून त्या भलतंच बोलत होत्या."

मेकॅनिक माणूस, त्यानं ते आपल्या परीनं जुळवून पाहिलं. "म्हणजे ग्लुटामेटनं ओझं उचललं की त्याचं नाव ग्लुटामाइन."

"बरोबर."

"ओझं उचललं की नाव बदलतं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नच म्हणा की."

इतक्या काळजीतही डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. त्यांनी औषधाचं सांगितलं. शिरेतून साखर द्यायची, म्हणजे शरीर स्वतःचं मांस जाळणार नाही. प्रोटीन काही काळ बंद. आणि एक औषध असं, की ते ग्लुटामाइनला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. पुढचं दार अडलंय, तर मागच्या दारानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅचिंगताईनं डोळे उघडले. नवरा उशाशी पेंगत होता. समोर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या अंगावरच्या निळ्या कपड्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमच्या खिशाला दोरा चुकीचा लावलाय. त्यात हिरवा जास्त आहे."

नवरा दचकून जागा झाला. त्यानं तो दोरा पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसून मनसोक्त रडला.

काही आठवड्यांनी जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला. दोष होताच. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं. "ताई, हा दोष आईकडून मुलांकडे जाऊ शकतो. मुलींना बऱ्याचदा थोडक्यात सोडतो, मुलग्यांना फार जड जातो. तुम्हाला कधी मुलगा झाला होता का?"

एकतीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. जावळ, पहिल्या दिवसाचं पिणं, दुसऱ्या दिवसाचा श्वास, तिसऱ्या दिवसाची दुपार. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "माझ्या दुधानं झालं का ते?"

"नाही. दूध तुमचं होतं, गाईचं असतं किंवा डब्यातलं असतं, तरी हेच झालं असतं. त्या काळी ही तपासणीच होत नव्हती, कुणीच त्याला वाचवू शकलं नसतं. तुमच्या दुधात खोट नव्हती, ताई."

ती मान हलवत राहिली. कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिली.

घरी नवऱ्यानं ही गोष्ट आपल्या आईला सांगितली. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प राहणं म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी दोघी पालेभाजी निवडत बसल्या असताना त्या म्हणाल्या, "मी एक वाक्य बोलले होते. शेजारणीजवळ."

"ऐकलं होतं मी."

"माहीत आहे. दाराखाली तुझी पावलं दिसली होती मला."

मॅचिंगताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं, सासूबाईंना ठाऊकच नाही.

"लगेच बोलायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "जीभ रेटली नाही. मग वर्ष गेलं, मग दहा गेली. उशीर झाला की आणखी उशीर होतो बघ."

तिला राग आला. खरंच आला. जाऊ द्या हो आई, असं म्हणायला तोंड उघडेना, आणि भांडायलाही उघडेना. ती देठ मोडत राहिली. थोड्या वेळानं सासूबाई पुन्हा बोलल्या, पण आवाज वेगळा होता.

"तू शुद्धीत नव्हतीस, म्हणून त्याला शेवटची अंघोळ मी घातली. उजव्या कानामागं तीळ होता त्याच्या. तांदळाच्या दाण्याएवढा. तुला कुणी सांगितलं नसेल."

नव्हतं सांगितलं. भाजी खाली ठेवून मॅचिंगताईनं सासूबाईंचा हात धरला. क्षमा केली की नाही, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही. पण दोघी तिन्हीसांजेपर्यंत तशाच बसल्या होत्या आणि त्या दिवशी भाजी झालीच नाही.

यानंतर सासूबाईंनी एक नवीन व्रत घेतल्यासारखं केलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अमोनिया चढण्याच्या आधी ग्लुटामाइन चढू लागतं, म्हणून दर महिन्याला त्याचा आकडा बघायचा. सासूबाईंच्या कवळीत तो शब्द काही बसेना. रिपोर्टच्या दिवशी त्या दारातच विचारायच्या, "काय गं, तुझी गुलाटमाई काय म्हणते?" आकडा बरा असला की सगळ्या गल्लीला सांगून यायच्या.

लेकीची तपासणी झाली. तिच्यातही तो दोष निघाला, जरा सौम्य. पोटातल्या बाळाची तपासणी करायची का, असं डॉक्टरांनी विचारलं. लेक आणि जावई रात्रभर बोलले, आणि सकाळी लेकीनं सांगितलं, "नको. काहीही असलं तरी आम्हाला ते हवंच आहे. फक्त तयारी पक्की करा."

तयारी झाली. दोन पानांचा कागद तयार झाला: जन्मल्यावर पहिल्या तासात काय, सहाव्या तासात काय. जावयानं त्याच्या पाच प्रती काढल्या, एक आपल्या बसच्या आरशामागं खोचली. बाळंतपण सकाळी नऊला झालं. मुलगा. त्याला आईच्या कुशीत दहा मिनिटं दिलं आणि मग शेजारच्या खोलीत साखरेची सलाइन सुरू झाली.

मॅचिंगताई काचेपलीकडून बघत बसली. पहिला दिवस, दुसरा दिवस. तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. नवरा डबा आणून द्यायचा आणि शेजारी बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळानं भुकेनं असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड गोळा झाला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "सॉरी हं काकू, आत्ता थोडंच देता येतं त्याला."

"रडू दे गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "चांगलं मोठ्यानं रडू दे."

पाचव्या दिवशी अहवाल आला. बाळात दोष होता, आणि चांगलाच होता. पण अमोनिया काबूत होता. आता त्याला मोजून खायला द्यायचं होतं: प्रोटीन नसलेल्या खास पावडरचं दूध, आणि त्यात थोडं आईचं. "आईचं?" मॅचिंगताईनं दोनदा विचारलं. "चालतं?" आहारतज्ज्ञ म्हणाल्या, "चालतं म्हणजे काय, आम्हाला तेच बरं वाटतं. त्यात प्रोटीन कमी असतं." मग लेकीनं काढलेलं दूध मिलिलिटरच्या पिचकारीत भरायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. तिच्या डोळ्याला रेघ चुकणं शक्यच नव्हतं.

ते वर्ष सोपं गेलं नाही. बाळाला साधी सर्दी झाली तरी हॉस्पिटल गाठायचं. दोनदा आकडे चढले, एकदा तर जीव टांगणीला लागला. शेवटी अकराव्या महिन्यात यकृत बदलायचं ठरलं. जावयानं आपल्या यकृताचा एक तुकडा दिला. ऑपरेशनला जाताना तो सासूला म्हणाला, "आई, माझं यकृत धडधाकट आहे. फक्त चहा फार पितो." ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली. आठवड्याभरात बाळाचा अमोनिया तुमच्या-माझ्यासारखा झाला, ग्लुटामाइनही खाली आलं. सासूबाईंनी पणतूला मांडीवर घेऊन एक चमचा डाळीचं पाणी भरवलं. त्यानं मिटक्या मारल्या. सासूबाईंना एवढं समाधान दुसऱ्या कशानं दिलं नसेल. पुढच्या वर्षी, झोपेतच, त्या शांतपणे गेल्या.

मुलगा आता चार वर्षांचा आहे. पोटावर आडवा व्रण आहे आणि गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, पण आवाज बापाच्या बसच्या हॉर्नसारखा. मॅचिंगताई औषध घेऊन अर्धा दिवस दुकानात बसते. शिडीवर मात्र मालक तिला चढू देत नाहीत.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "ताई, एक बाई आल्यात. पहिलं बाळ गेलं, पोटातल्या दुसऱ्याची तपासणी चाललीय. तीन दिवस झाले, कुणाशी बोलत नाहीत. तुम्ही याल का? काही समजावायचं नाही, नुसतं या."

दुपारी दुकान उरकून ती गेली. खिडकीजवळच्या खाटेवर वीस-बावीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मॅचिंगताईनं स्टूल ओढलं. आजाराचं काही बोलली नाही. तिच्या केसांचा गुंता झाला होता. पिशवीतून फणी काढून ती तो हळूहळू सोडवत बसली. मुलगी नको म्हणाली नाही.

मग मॅचिंगताईनं विचारलं, "पहिल्याला काय म्हणून हाक मारायचीस गं?"

मुलीनं ते नाव सांगितलं आणि कूस बदलून तिच्याकडे तोंड केलं. एकदा बोलायला लागली ती थांबेचना. बाहेर भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली. नर्स आत डोकावली, दोघींना पाहिलं आणि दार तसंच ओढून घेऊन पुढच्या खोलीकडे गेली.